अकरा नंबरची रेघ

खुर्चीखाली वाकून तिने शेवटची वायर चिकटपट्टीने जमिनीला दाबून बसवली आणि उठताना खुर्चीची पाठ धरून क्षणभर तशीच उभी राहिली. भाड्याने घेतलेला हॉल, पांढरेफटक दिवे, गालिच्याला ओलसर वास. प्रत्येक खुर्चीवर एकेक डायल ठेवलेला: मुठीत मावेल एवढी काळी डबी आणि तिच्यावर गोल नॉब. गाणं आवडलं की नॉब उजवीकडे, नाही आवडलं की डावीकडे. बायका येतील, गाण्यांचे तुकडे ऐकतील, नॉब फिरवतील आणि काचेपलीकडच्या खोलीत पडद्यावर त्यांच्या रेघा वरखाली होतील. सोमवारपासून शहराच्या या एफएमवर काय वाजणार, ते त्या रेघा ठरवणार होत्या.

"मॅडम, ही दाढीची मशिनं वाटतायत," मागून आवाज आला. "बायका घाबरतील."

"त्या घाबरू नयेत म्हणून तर तुला बोलावलंय."

"मग तर आणखीच घाबरतील."

हा सकाळच्या कार्यक्रमाचा आरजे. स्टेशनात सगळे त्याला बडबड्या म्हणत आणि तो ते नाव मानाने मिरवी. ती हसली. कुठे हसायचं ते तिला अजून बरोबर कळत होतं, त्यात चूक होत नव्हती.

ती स्टेशनची कार्यक्रमप्रमुख. कुठलं गाणं कधी, कशानंतर, किती दिवस, हे सगळं तिच्या कानावर चालायचं. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन महिना होत आला होता, पण कान काही तिच्याबरोबर परत आला नव्हता. ऐकू सगळं येत होतं. गाणी कानापर्यंत येत आणि पायपुसण्यावर थांबलेल्या पाहुण्यासारखी तिथेच उभी राहत. आत कुणी घेतच नव्हतं.

परतल्या-परतल्या तिच्यापुढे नव्या गाण्यांचा ढीग आला होता. प्रत्येकाला एक ते पाच असा अंक द्यायचा. एक म्हणजे जड, डोळ्यांत पाणी आणणारं. पाच म्हणजे पाय जागेवर राहू न देणारं. मग त्या अंकांवरून कॉम्प्युटर दिवसभराची गाणी लावतो, एकाला लागून पाच येऊ नये एवढी अक्कल त्याला असते. तिने दार लावून घेऊन एकेक गाणं ऐकलं आणि अंक दिले. दुसऱ्या दिवशी ऐन ऑफिसच्या गर्दीच्या वेळी एका धांगडधिंग्यामागोमाग प्रियकराच्या मरणाचं गाणं वाजलं आणि त्याच्या मागोमाग साबणाची जाहिरात. बडबड्याने माइक उघडून "मंडळी, नाचून दम लागला असेल, आता जरा बसून रडून घ्या, मग अंघोळ करा" असं म्हणत वेळ मारून नेली. कार्यक्रम संपल्यावर तो तिच्या टेबलाशी आला.

"मॅडम, तुम्ही सगळ्या गाण्यांना तीन दिलेत."

"सगळ्या?"

"झाडून सगळ्या."

"घाईत झालं असेल."

त्यावर तो गप्प बसला. बडबड्या गप्प बसला की समोरच्याला चोरी पकडल्यासारखं होतं. मग त्यानेच बसून सगळे अंक बदलले आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

घाईत मात्र झालं नव्हतं. आज सकाळचीच गोष्ट. सासूबाईंनी हाक मारली, "अगं, ये लवकर! बघ कशी खळखळून हसतेय. तुलाच बघून हसतेय गं!" ती हातातल्या कंगव्यासकट दारात येऊन उभी राहिली. पलंगावर लेक खरोखरच हसत होती, हिरड्या दाखवून, दोन्ही पाय झाडत. तीन, तिच्या मनात आलं. मग तिने वाकून लेकीचा पापा घेतला, घ्यायचा असतो तसा, आणि "गं माझी बाय ती" असंही म्हणाली. सासूबाई खूश झाल्या. बसमध्ये चढताना तिच्या लक्षात आलं, कंगवा अजून हातातच आहे.

हे कुणाला सांगायचं, आणि सांगायचं तरी काय? नवरा गुणी, न सांगता उठून लंगोट बदलणारा. आई फोनवर रोज म्हणायची, नशीब काढलंस पोरी. दुखतंय म्हणावं तर कुठे हात लावून दाखवायचं? सोमवारी स्टेशनचं नाव बदलणार होतं, मालक तर आधीच बदलले होते, आणि नव्या घडीत ही खुर्ची कुणाची हे अजून कुणी बोललेलं नव्हतं. कान गेलेली कार्यक्रमप्रमुख कोण ठेवून घेईल? पण खुर्ची एक वेळ गेली तरी चाललं असतं. लेक हसते आणि आईला काही होत नाही, हे घरात कळलं तर पुढे काय होतं, तिथपर्यंत तिचा विचार जातच नव्हता. दारापर्यंत जाऊन परत यायचा. म्हणून आजच्या चाचणीचा तिला आधार वाटत होता. मनाला काही वाटण्याचं काम या बायका करतील. तिने नुसत्या रेघा वाचायच्या.

"चला, मार्केट आलं का?" म्हणत सल्लागार आत शिरला.

नव्या मालकांनी पाठवलेला हा माणूस तिच्याहून वयाने लहान होता, पण दर वाक्यात मार्केट काढायचा, म्हणून पाठीमागे त्याचं नाव मार्केटकाका पडलं होतं. काचेपलीकडच्या खोलीत त्याने एक मोठं चित्र भिंतीला डकवलं. एक बाई, एका हातात मोबाइल, एका हातात पिशवी, तोंडभर हसणारी.

"ही आपली श्रोती," तो म्हणाला. "वय बत्तीस. दोन मुलं. आनंदी, उत्साही, कायम धावपळीत. आपलं नवं नाव 'फुल चार्ज'. का? तर हिच्यासाठी! इथून पुढे काहीही करताना आधी हिच्याकडे बघायचं आणि विचारायचं, हिला काय हवंय?"

"दातांचा डॉक्टर," बडबड्या पुटपुटला.

जुनं नाव होतं 'घरचं माणूस'. ते तिनेच सुचवलं होतं, नोकरीला नवी नवी लागली होती तेव्हा. आणि ते पहिल्यांदा जिंगलमध्ये ऐकून ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. काल त्या नावाची पाटी उतरवत होते तेव्हा ती खाली उभी राहून बघत होती. शेजारच्यांचे वाळलेले कपडे कुणी काढून नेतंय, तसं ते दिसलं.

बायका येऊन बसल्या. बडबड्याने माइक घेतला.

"ताई, माई, काकू, सोपं आहे. हा नॉब म्हणजे नवऱ्याचा कान समजायचा आणि पिळायचा."

"उजवा का डावा?" पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं.

"घरी कुठला पिळता?"

"जो हाताला लागेल तो."

हॉल हसला. तेवढ्यात दार किलकिलं करून एक बाई आत आली, सगळ्यात उशिरा. दाराबाहेर तिच्यासारख्याच चेहऱ्याच्या एका मुलीच्या हातात तिने आपलं बाळ दिलं, खांद्यावरचा स्टोल काढून त्याच्याभोवती गुंडाळला आणि उरलेल्या एकमेव खुर्चीवर, अकरा नंबरच्या, येऊन बसली.

दिवे मंद झाले. पहिला तुकडा वाजला. काचेपलीकडे पडद्यावर रंगीत रेघा सरकू लागल्या. कीबोर्डसमोर ती स्वतः बसली होती, मागे सल्लागार उभा. नाचाचं गाणं आलं तशा रेघा भसकन वर गेल्या.

"बघा, बघा, मार्केट कसं उठलं!"

मग एक संथ गाणं आलं. निम्म्या खाली आल्या, दोनतीन मात्र वरच रेंगाळल्या. पुढच्या रांगेतल्या काकू तर जुन्या गाण्याला नॉब मोडतो की काय असा फिरवत होत्या. या सगळ्या उड्यांच्या मधून एक करडी रेघ चालली होती, पट्टी ठेवून ओढल्यासारखी. वर नाही, खाली नाही.

"अकरा," सल्लागार म्हणाला. "डायल गेला तो. दुसरा देऊन या ना जरा."

ती जादाचा डायल घेऊन वाकत वाकत रांगेतून गेली आणि त्या बाईच्या खुर्चीशी उकिडवी बसली.

"बदलून देते हं. हा बिघडलाय वाटतं."

"बिघडलेला नाहीये हो," बाई हळूच म्हणाली. "मीच फिरवला नाही."

"गाणी आवडत नाहीयेत का?"

"नाही, तसं नाही." बाईने हातातल्या डबीकडे बघितलं. "वाटेल तसं फिरवा म्हणाले ना ते. वाटायची वाट बघतेय."

स्पीकरमधून ढोलांचा ठेका आदळत होता. शेजारची बाई मान हलवत होती. ती उकिडवी बसून राहिली, हातात नवा डायल तसाच. मग तिने जुन्याची वायर काढली, नव्याची जोडली आणि तो त्या बाईच्या हातात दिला, कारण बदलायलाच पाठवलं होतं.

"बदलला?" परत आल्यावर सल्लागाराने विचारलं.

"बदलला."

करडी रेघ सरळ चालली होती.

थोड्या वेळाने बाहेर व्हरांड्यात बाळ रडायला लागलं. भुकेचं रडणं, टप्प्याटप्प्याने वर चढणारं. हॉलमधल्या दोघीतिघींनी मागे वळून बघितलं. अकरा नंबरच्या बाईने मान वळवली, दाराकडे बघितलं आणि बघत राहिली. एखादा फोन वाजतोय आणि तो आपलाच आहे की नाही हे ठरवत असल्यासारखी. बाहेर बहिणीने काहीतरी बोलून, थोपटून बाळाला गप्प केलं.

काचेपलीकडे हिच्या छातीत एकदम कळ आली आणि शर्टाच्या आतून ऊन ओल पसरत गेली. तिने झटकन पुढ्यातली फाइल उचलून छातीशी धरली. तिला काही वाटलं नव्हतं. अंगाने तिला न विचारताच आपलं काम उरकलं होतं, घरमालकाला न विचारता दिवे लावणाऱ्या नोकरासारखं.

"अशी एक तरी असतेच," सल्लागार पडद्याकडे बघत म्हणाला. "वेळ घालवायला येऊन बसतात. आमच्याकडे यांना सरळरेघी म्हणतात. अशा बाईला मार्केटमध्ये कुणी धरत नाही. उगाच सगळी सरासरी खाली ओढते. काढून टाका."

"काढून?"

"अकरावर जा आणि डिलीट करा. ती आपली श्रोती नाहीच."

भिंतीवरची बाई हसत होती. इकडे तिने एका हाताने फाइल धरून ठेवली, दुसऱ्याने बाण अकरावर नेला आणि बटण दाबलं. करडी रेघ गेली. पडदा खरंच स्वच्छ दिसायला लागला.

"आता कसं!" सल्लागार म्हणाला.

मध्यंतरात हॉलमध्ये चहाचे कप वाजू लागले, तेव्हा ती फाइल छातीशी धरून बाथरूमकडे निघाली. जिन्यात अकरा नंबरची बाई बसली होती, बाळ खांद्यावर टाकून त्याची पाठ थोपटत. थोपटणं एका लयीत होतं, घड्याळासारखं. बहीण खाली चहा आणायला गेली असावी.

"ताई," बाईने हाक मारली. "माझ्यामुळे काही गोंधळ झाला का?"

"छे, छे."

"नाही, दुसरा डायल आणलात म्हणून म्हटलं. नंतर मी शेजारच्या काकूंचं बघून फिरवणारच होते. फिरवता येतो मला. घरी तर सगळं बरोबर फिरवते." बाईने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग म्हटलं, इथे तरी राहू दे. इथे कोण ओळखतंय आपल्याला."

ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. पुढे जायचं होतं. बाथरूमचं दार दिसत होतं.

"तुमचं केवढं आहे?" बाईने विचारलं.

"काय?"

बाईने हनुवटीनेच फाइलकडे दाखवलं. फाइलच्या कडेला शर्टावर गडद डाग उतरला होता.

"मुलगी आहे. पाचवा महिना."

"माझाही भिजतो," बाई म्हणाली. "आपल्याला काही वाटो, न वाटो. हा घ्या." तिने बाळाभोवतीचा स्टोल एका हाताने सोडवला. "अंगावरून घ्या, दिसायचं नाही. एका कोपऱ्यावर ओकलाय तो. पण वाळलंय."

तिने स्टोल घेतला. त्याला आंबूस दुधाचा आणि पावडरीचा वास होता. तो अंगाभोवती घेताना ती कधी पायरीवर बसली, ते तिच्या लक्षात आलं नाही.

"तुम्ही कुणाला सांगितलंय?" तिने विचारलं. काय, ते बोलली नाही. बाईनेही विचारलं नाही.

"बहिणीला. तिने ओढतच नेलं डॉक्टरीणबाईंकडे. दर गुरुवारी जाते आता. मला वाटलं होतं ओरडतील, कसली आई आहेस म्हणून. तर त्यांनी आपलं विचारलं, जेवता का, झोप लागते का. मग म्हणाल्या, बऱ्याच जणींना होतं हे, औषध आहे यावर."

"आहे?"

"आहे म्हणे. घेतेय."

"मग? काही फरक?"

बाईने विचार केला. बरं वाटावं म्हणून लगेच हो म्हणणारी ती नव्हती.

"परवा यानं माझे केस ओढले," ती म्हणाली. "तर मला राग आला. इतका राग आला ना ताई, इतका, की मी भिंतीवर चमचा फेकून मारला. आणि मग रडत बसले. बहीण म्हणते, चला, काहीतरी आलं बाई एकदाचं."

ती म्हणणार होती, बरं झालं. म्हणणार होती, मी आत जाते, काम आहे. तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"मलाही सगळी सारखीच वाटतात."

"गाणी?"

तिने मान हलवली. "गाणीसुद्धा."

बाईने थोपटणं थांबवलं नाही. फक्त आपला जवळचा पाय उचलून पलीकडे घेतला, पायरीवर आणखी थोडी जागा झाली.

वरचं दार उघडलं आणि बडबड्याने डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, काका शोधतायत. सरासरी म्हणे फारच देखणी आलीय. तुमचा कान काय म्हणतो ते विचारायचंय त्यांना." मग त्याला त्या दोघी दिसल्या, स्टोल दिसला, बाळ दिसलं, तिचा चेहरा दिसला. तो एक पायरी खाली आला आणि थांबला. "थोडा वेळ लागेल म्हणून सांगू का?"

"सांग."

"किती?"

"माहीत नाही रे."

"काळजी नको. मी त्यांना माझ्या शाळेतल्या गोष्टी सांगतो. नववीपर्यंत जाईस्तोवर मार्केट बंद होईल." दार लोटताना त्याने ते आवाज न करता लोटलं.

तिने खिशातून फोन काढला. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. या वेळी गिऱ्हाईक कमी असायचं. त्याने पहिल्याच घंटीला उचलला. मागे गाणं जोरात चाललं होतं.

"अगं, काय झालं? आईचा फोन आला होता मघाशी, चिमणी झोपलीय मस्त. पेजेची वाटी उलटी केली म्हणे आजीच्या अंगावर..."

"गुरुवारी दुकान बंद ठेवशील?"

"गुरुवारी? का गं?"

"एके ठिकाणी जायचंय. माझ्याबरोबर."

"कुठे?"

"घरी आल्यावर सांगते."

"बरं. घरी बोलू मग."

अकरा नंबरची बाई उठली. बाळाचं डोकं सावरत ती चार पायऱ्या खाली उतरली आणि तिकडे तोंड करून बसली.

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "थांब. आत्ताच सांगते. नंतर मला सांगता येणार नाही."

"काय? मोठ्याने बोल, ऐकू येत नाहीये. थांब हं, हा तुझा रेडिओ आधी बंद करतो."

खट् असा आवाज आला आणि गाणं मधेच तुटलं. पलीकडे शांतता झाली. रेडिओच्या धंद्यात अशी शांतता पडली की कुणीतरी धावत सुटतं, हाताला येईल ते गाणं लावून टाकतं, मग सगळ्यांना जबाब द्यावे लागतात. ती धावली नाही. कानाला फोन लावून तिने ती शांतता चालू दिली.

"हं," नवरा म्हणाला. "आता बोल."